एमसीबी मोठी बसवल्याने घर सुरक्षित होते काय?

एमसीबी (ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह गेला की आपोआप पडून पुरवठा तोडणारी बोर्डावरची कळ) वारंवार पडत असेल तर १६ अँपिअरच्या जागी ३२ची बसवावी, एमसीबी असलेल्या घरात शॉक लागत नाही आणि चिनी मातीचे जुने फ्यूज मुळातच कुचकामी असतात, असे सांगणारा एक संदेश मोबाइलवर सतत फिरत असतो.

यातला पहिला सल्ला सर्वांत घातक आहे. एमसीबी राखण करते ती मुख्यतः भिंतीत गाडलेल्या तारेची. प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते, आणि नेहमीचे पीव्हीसी आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच टिकेल अशा बेताने बनवलेले असते. मानकानुसार ३२ अँपिअरची एमसीबी ३६ अँपिअरवर तासभर पडता कामा नये. म्हणजे १६ अँपिअरच्या हिशेबाने ओढलेली तार तेवढा वेळ भिंतीत तापत राहिली, तरी एमसीबीच्या दृष्टीने सारे आलबेल असते. दोन किलोवॅटचा गीझर, तेवढीच इंडक्शन शेगडी आणि दीड किलोवॅटची किटली एकाच सर्किटवर चालवल्यास प्रवाह २४ अँपिअरच्या आसपास जातो. अशा वेळी पडणारी एमसीबी आपले काम चोख करत असते. गीझरसाठी मीटर बोर्डापासून स्वतंत्र तार ओढून घेणे हाच त्यावरचा उपाय.

शॉकविषयीचे विधान साध्या गणिताने खोटे ठरते. ओल्या हाताने २३० व्होल्टला स्पर्श झाल्यास शरीरातून पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह जाऊ शकतो, तो प्राणघातक असतो आणि सहा अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखणारी कळ, हवी. फेजमधून (वीज आणणाऱ्या तारेतून) गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून (परतीच्या तारेतून) पूर्ण परतला नाही, म्हणजे ३० मिलिअँपिअरची गळती झाली, की ती पुरवठा तोडते. मात्र एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरणाऱ्याला तीही वाचवू शकत नाही.

फ्यूजबद्दलच्या विधानात अर्धे सत्य आहे. पाच अँपिअरची फ्यूजची तार जेमतेम ०.२ मिलिमीटर जाडीची असते. ती उडाली की वायरीतल्या तांब्याच्या चार-पाच तारा पिळून बसवायच्या, म्हणजे ती जाड तार सहजी उडतच नाही, हा उद्योग आमच्याही घरात वर्षानुवर्षे चालला होता, आणि त्यात दोष फ्यूजचा नव्हता. जुन्या बोर्डांतली खरी खोट वेगळीच आहे : पुष्कळ ठिकाणी न्यूट्रललाही फ्यूज असतो, आणि तेवढाच उडाला तर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज जिवंतच राहतो.