मोकळा असतो तो एकच हात

नोव्हेंबर उजाडला की फेसबुकवर एक ठरलेला वाद रंगतो. कुणीतरी ग्लॉक या ऑस्ट्रियन पिस्तुलाचा चकचकीत फोटो टाकतो, शेजारी वेब्ली या ब्रिटिश कंपनीचं जुनं रिव्हॉल्व्हर ठेवतो आणि खाली लिहितो, 'आपल्या पोलिसांच्या हातात हे भंगार!' मग लाइकांचा पाऊस. इतकी वर्षं गप्प बसले, यंदा लिहितेच.

आधी माझी लायकी सांगते. आमचे अण्णा जिल्हा पोलीस मुख्यालयात आर्मरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारे होते. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला शिकवते. आयुष्यात एकही गोळी झाडलेली नाही, पण स्प्रिंग, पिन आणि कानस यांच्याशी रोजचा संबंध आहे. शस्त्रागारात पोरांना मज्जावच होता. अण्णा रात्री जेवण झाल्यावर वहीच्या मागच्या पानावर भाग काढून दाखवायचे.

आणि हो, २६/११ च्या मुंबई हल्ल्याचा दाखला या वादात नका आणू. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्याकडे लाठी होती आणि त्यांनी समोरच्या एके-४७ ची नळी हातांनी धरून ठेवली. पिस्तूल कुठलंही घ्या, रायफलपुढे ते तोकडंच पडतं. तो प्रश्न वेगळा.

मला विचारायचं आहे ते रोजच्या ड्युटीचं. नाकाबंदीला, मिरवणुकीला, आरोपीला कोर्टात नेताना फौजदाराच्या दुसऱ्या हातात काय असतं? वॉकीटॉकी, टॉर्च, नाहीतर आरोपीचं मनगट. म्हणजे मोकळा हात एकच. फोटो शेजारी शेजारी ठेवून तुलना करणाऱ्यांच्या हे डोक्यातच येत नाही.

आपल्याकडचं नेहमीचं पिस्तूल म्हणजे ९ मिमीचं '१ए', पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यातलं. १९३५ साली बेल्जियममध्ये निघालेल्या ब्राउनिंग हाय-पॉवरचं हे नातवंड, मधली पिढी कॅनडाच्या इंग्लिस कंपनीची. मॅगझिनमध्ये १३ राउंड. मशीन म्हणून देखणं, वादच नाही. पण ते सिंगल ॲक्शन आहे. घोडा, म्हणजे मागची हातोडी, आधी मागे ओढलेला असेल तरच चाप (बोटानं ओढायचा ट्रिगर) काम करतो. ज्यानं हे पिस्तूल घडवलं त्याच्या मनात ते भरलेलं, घोडा चढवलेला आणि वर सेफ्टी लावलेली, असंच कमरेला असायचं. अण्णांच्या मुख्यालयात मात्र शिस्त उलटी होती. चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची गोळी बसायची जागा, रिकामं, घोडा खाली. चुकून गोळी सुटली तर चौकशी कुणाची लागेल हे सगळ्यांना पाठ होतं. मी त्यांना दोष देत नाही, त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

पण त्याचा परिणाम बघा. पिस्तूल काढायचं, गोळी चेंबरमध्ये यावी म्हणून दुसऱ्या हातानं स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून सोडायची, मग गोळी. घोडा खाली असला की स्लाइड ओढताना घोड्याच्या स्प्रिंगशीही झुंजावं लागतं, त्यामुळे ती आणखी जड लागते. आणि आरोपीचं मनगट? ते सोडायचं? सेफ्टीची कळ तर इतकी बारीक की अंगठ्याला सापडत नाही, शिवाय ती फक्त डाव्या बाजूला. डावखुऱ्यानं काय करावं, हे कुणालाच सुचलेलं दिसत नाही.

आता ते 'भंगार', म्हणजे वेब्लीचं .३८ रिव्हॉल्व्हर घ्या. सहाच गोळ्या, चाप लांब आणि जड, आणि गोळी इतकी संथ की ९ मिमीची तिच्या जवळपास दुप्पट वेगानं जाते. काडतुसं भरायला दोन हात लागतात, तेही सावकाश. हे सगळं कबूल. पण ते काढलं, चाप ओढला, गोळी सुटली. एका हातानं. एखादा राउंड फुसका निघाला तर पुन्हा चाप ओढायचा, चरखी फिरून पुढचं काडतूस समोर येतं. पिस्तुलात फुसका राउंड अडकला की परत दोन हात आले. जपानसारखा श्रीमंत देश गस्तीच्या पोलिसाच्या कमरेला दशकानुदशकं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर देत आला, तेही दोरीनं बांधून. तिथे काय पैशांची चणचण होती?

ग्लॉक १७ मला फिटर म्हणून आवडतं. गॅस्टन ग्लॉक आधी पडद्याच्या दांड्या आणि चाकू बनवायचा, पिस्तूल त्यानं कधी घडवलंच नव्हतं. कदाचित म्हणूनच सुटे भाग चाळिशीच्या आत राहिले. १९८२ साली ऑस्ट्रियाच्या सैन्यानं ते स्वीकारलं. सांगाडा पॉलिमरचा, १७ राउंड आणि बाहेर सेफ्टीची कळच नाही. चापावर बोट नीट बसल्याशिवाय चाप हलत नाही, बाकीच्या सेफ्टी आत दडलेल्या. भरलेलं असलं की काढायचं आणि चाप ओढायचा. रिव्हॉल्व्हरसारखंच, एका हाताचं काम.

पण हेच ग्लॉक चेंबर रिकामं ठेवून, जुन्या मऊ चामड्याच्या म्यानात दिलंत तर पैसे पाण्यात. त्याला चाप पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर लागतं आणि बोट चापाबाहेर ठेवायची सवय लागते. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १९९३ मध्ये रिव्हॉल्व्हर सोडून ९ मिमी पिस्तुलं घ्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनाही हीच धास्ती होती. म्हणून त्यांनी ग्लॉकचा चाप मुद्दाम जड करून घेतला, अडीच किलोच्या जागी पाचाच्या वर. चुकून सुटणाऱ्या गोळ्यांची भीती कमी झाली, पण इतका जड चाप ओढताना नेम हलतो, ही ओरड सुरू झाली. २०२१ मध्ये नव्या भरतीसाठी चाप हलका करायचं ठरलं. जवळजवळ तीस वर्षं लागली हो!

तेव्हा माझं मत सरळ आहे. रिकाम्या चेंबरचा नियम बदलायचा नसेल, तर गस्तीवरच्या फौजदाराला १ए देण्यापेक्षा चांगलं नवं रिव्हॉल्व्हर द्या. नियम बदलायची हिंमत असेल तर ग्लॉकच्या जातीचं पिस्तूल, सोबत होल्स्टर आणि वर्षातून एकदा नव्हे तर नियमित चांदमारी. नवं पिस्तूल आणि जुना नियम हे मिश्रण मात्र सगळ्यात वाईट.

अजून एक. महाराष्ट्र पोलिसांत महिलांना ३० टक्के आरक्षण आहे, आणि या चर्चेत हाताचा आकार कुणी काढत नाही. १ए ची मूठ जाड, कारण आत राउंड दुहेरी रांगेत. ग्लॉकच्या चौथ्या पिढीपासून मुठीची मागची पट्टी बदलून हाताला बेतता येते. माझी एक विद्यार्थिनी फिटर ट्रेड करून पुढे फौजदार झाली. दिवाळीत भेटायला आली तेव्हा मी तिला स्लाइडचं विचारलं. म्हणाली, "मॅडम, दोन बोटांत धरून नाही येत. वरून अख्ख्या पंजानं पकडायची आणि पिस्तूलच पुढे ढकलायचं." टेबलावरच्या स्टेपलरवर करूनही दाखवलं.

मग मी विचारलं, रात्रीच्या नाकाबंदीत टॉर्चचं काय करतेस?

"काखेत," म्हणाली.