नुसतं 'सोडा' म्हणू नका, पुढची तारीख द्या

खोकला घेऊन आलेल्या बिडी-सिगारेटवाल्या पेशंटला फॅमिली डॉक्टर 'ते आधी बंद करा' असं हमखास सांगतात, बहुतेक वेळा औषध लिहिता लिहिता, मान वर न करता. विषय तिथंच संपतो. माझं ठाम मत आहे की या कामात उपदेशापेक्षा पाठपुरावा मोठा.

लंडनच्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांत मायकेल रसेल आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९७९ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं, त्यांच्यात वर्षभर सिगारेट सुटलेले निघाले ०.३ टक्के. नुसतं 'सोडा' सांगितलेल्यांत ३.३. सांगून, पत्रक देऊन, वर 'नंतर विचारपूस करणार' अशी कल्पना दिलेल्यांत ५.१. एक-दोन मिनिटांच्या बोलण्यातून एवढं होत असेल, तर ते रोज करायला हवं.

केसपेपरवर बीपीच्या शेजारी दोनच गोष्टी लिहा: दिवसाला किती, आणि सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात. अर्ध्या तासाच्या आत पेटत असेल तर तलफ भागवणारा निकोटीन गम ४ मिलिग्रॅमचा, नाहीतर २ चा. मग येत्या दोन आठवड्यांतली सोडण्याची तारीख पेशंटकडूनच घ्या. त्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून फोन गेलाच पाहिजे, कारण घसरणारे बहुतेक पहिल्या आठवड्यातच घसरतात. कंपाउंडरने केला तरी चालतो.

'गम सोसला नाही' म्हणणारे बहुतेक जण तो च्युइंगमसारखा चघळतात. थुंकीबरोबर निकोटीन पोटात जातं, उचक्या लागतात, जळजळ होते. चार-सहा वेळा चावून तोंडात चुरचुरलं की गम गालात दाबून ठेवायचा, चुरचुर गेली की पुन्हा चावायचा, असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा नाही, कारण मग निकोटीन तोंडात नीट शोषलं जात नाही. सुरुवातीला दर एक-दोन तासांनी एक. दिवसाला दोन-तीन घेऊन कुणाचं भागत नाही. ब्युप्रोपियॉन (तलफ कमी करणारी गोळी) द्यायचं तर तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करावं लागतं, आणि फिट येत असतील तर अजिबात नाही.

'बिडीशिवाय पोट साफ होत नाही' याला हसू नका. सोडल्यावर बद्धकोष्ठ खरंच होतो, आणि तेवढ्यावरून माणूस परत बिडी पेटवतो. पहिल्या दिवसापासून रात्री इसबगोल आणि भरपूर पाणी सुरू करा.

धुरातल्या घटकांमुळे यकृत चहातलं कॅफीन आणि दम्याचं औषध थिओफायलिन लवकर संपवतं. धूर थांबला की तोच चहा जास्त चढतो: छाती धडधडते, झोप उडते, आणि दोष सोडण्यावर जातो. म्हणून चहा निम्म्यावर आणायला सांगा. थिओफायलिन चालू असेल तर डोस कमी करावा लागतो, नाहीतर उलट्या, धडधड सुरू होते. गम घेतला तरी हे टळत नाही, कारण हा परिणाम धुराचा, निकोटीनचा नाही.

आपल्याकडे आणखी एक धोका असतो. बिडी सुटते आणि तंबाखूची पुडी किंवा मिश्री सुरू होते. घरच्यांना वाटतं, सुटली. म्हणून फोनवर 'ओढता का' एवढंच न विचारता 'तोंडात काही ठेवता का' हेही विचारा. घसरला असेल तर रागावू नका. कोणत्या वेळी, कुणाबरोबर ओढली ते केसपेपरवर लिहा आणि त्याच फोनवर नवी तारीख घ्या. दवाखान्यात गर्दी असेल तर सोडायला फोनवरून मदत करणाऱ्या राष्ट्रीय क्विटलाइनचा १८००-११२-३५६ हा मोफत नंबर चिठ्ठीवरच लिहून द्या.