रान आमचं, पंचनामा आमचा, मग नोंदी कुणाच्या कपाटात?

डोकं फिरायची वेळ आलीय. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यात गवे कुठल्या वाटेनं रानातून शेतात उतरतात, एवढाच माझ्या अभ्यासाचा विषय. जांबोटी, कणकुंबी, हेमाडगा, नागरगाळी हा सगळा पट्टा बघा. गवा भातात शिरला, अस्वलानं काजूच्या बागेत माणसाला गाठलं, हत्तीनं ऊस लोळवला, पेपरात सारखं काही ना काही असतंच. दरवेळी वनखात्याची माणसं येतात, पंचनामा होतो. तारीख, गाव, सर्व्हे नंबर, कुठला प्राणी, किती गुंठे गेले, सगळं लिहून घेतात आणि शेतकऱ्याची सही घेतात. म्हणजे मला पाहिजे ती नोंद झालेली आहे. ती मागायला गेलं की मात्र कुणाकडंच नसते!

रेंजवाले, म्हणजे तालुक्यातलं वनखात्याचं ऑफिस, म्हणतात वरच्या ऑफिसात विचारा. वरचे म्हणतात कागद खालीच असतात. पत्र लिहा, गाईडचं पत्र आणा, कॉलेजचा शिक्का आणा. साहेब मीटिंगला गेलेत. साहेबांची बदली झाली. नवे साहेब आले की पहिल्यापासून सुरू.

मग माहिती अधिकार. कर्नाटकात त्याचा नियमच असा की अर्ज एकाच विषयावर पाहिजे आणि १५० शब्दांच्या आत पाहिजे. मी गाव, वर्ष आणि प्राणी एवढे तीन रकाने मागितले, तर 'एकापेक्षा जास्त विषय' असा शेरा मारून अर्ज परत. एकाच तक्त्यातले तीन रकाने हे तीन विषय कसे होतात, हे मला कुणीतरी समोर बसून समजावून सांगावं.

भांडून भांडून हातात काय आलं? स्कॅन केलेलं पीडीएफ. रजिस्टर वाकडं ठेवून स्कॅन केलेलं, डावीकडचा रकाना निम्मा कापलेला, आणि तोच नेमका गावाच्या नावाचा. दुसरी फाईल टाईप केलेली होती, म्हणून जीवात जीव आला. तीही नुडी नावाच्या जुन्या कन्नड फॉन्टमधली. एक्सेलमध्ये टाकली की सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. मला कन्नड वाचता येतं, अडचण भाषेची नाहीच. कॉम्प्युटरला वाचता येईल अशी साधी फाईल द्यायची नाही, ही अडचण आहे. रात्र रात्र जागून ओळ न् ओळ हातानं उतरवून काढतोय. हे काम एकदा कारकुनानं केलेलं आहे, शेतकऱ्याच्या बांधावर बसून केलेलं आहे, मग मी ते परत का करायचं?

लोक सांगतात, नेटवर खुला डेटा आहे की. आहे. जीबीआयएफ या जगभरच्या जीवनोंदींच्या साईटवर जा, बेळगाव जिल्हा निवडा, फुकट डाऊनलोड होतो, संदर्भ द्यायला डीओआय हा कायमचा क्रमांकसुद्धा मिळतो. ज्यांनी हे उभं केलं त्यांचे उपकारच आहेत. पण आत बघितलं की पक्षीच पक्षी, तेही गाडी पोचते तिथले आणि सुट्टीच्या दिवशीचे. गवा, अस्वल शोधायला गेलं की हाताला काही लागत नाही. आयनॅचरलिस्ट या लोकांनी स्वतः नोंदी टाकायच्या साईटवर नकाशात धोक्यातल्या प्राण्याची जागा मुद्दाम धूसर करतात, ०.२ अंशाच्या चौकोनात कुठंतरी. आपल्याकडं तो चौकोन साधारण ४७० चौरस किलोमीटरचा होतो. आमच्या तालुक्यातलं भीमगड अभयारण्य अख्खं धरून १९० च्या आसपास. म्हणजे टिंब भीमगडातलं की शेजारच्या गोव्यातल्या म्हादई अभयारण्यातलं, तेही कळत नाही. अशा टिंबावरून वाट काय शोधायची?

आणि याच भीमगडातल्या बारापेडे गुहांमधल्या वटवाघळाचं, रॉटन्स फ्री-टेल्ड बॅटचं, शास्त्रीय वर्णन १९१३ साली झालं. त्याचा मूळ नमुना लंडनच्या संग्रहालयात आहे. शंभर वर्षांपूर्वी इथून नेलेल्या प्राण्याची माहिती मला खोलीत बसून मिळते, आणि गेल्या पावसाळ्यात माझ्या मामाच्या शेतात गवा आला त्याची नोंद मिळत नाही. संताप येणार नाही तर काय होणार?

कारण विचारलं की एकच उत्तर, शिकार होईल. ही भीती खरी आहे, मी नाकारत नाही. गुहेची जागा, वाघिणीची पिल्लं कुठं आहेत, हे कुणी उघड करू नये. जानेवारी २०२० मध्ये म्हादईत एक वाघीण आणि तिची तीन पिल्लं विषानं मारली गेली, ते आम्ही विसरलेलो नाही. पण तिथं विष घातलं गेलं ते गुरं मारल्याच्या रागातून, वेबसाईटवरचा नकाशा बघून नाही. आणि मी कुठं बिळाचा पत्ता मागतोय? मला गाव आणि महिना द्या. शेतकऱ्याचं नाव झाका, सर्व्हे नंबर झाका. ज्या गावात गवा आला त्या गावाला ते आधीच माहीत आहे. लपवताय कुणापासून?

सरकारी पैशानं गोळा केलेला, गोपनीय नसलेला डेटा लोकांना खुला करायचा, हे केंद्राचं धोरण २०१२ पासून आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये तर न मागता माहिती मांडायला सांगितलंय. कागदावर सगळं आहे.

त्यात आमची जागा तीन राज्यांच्या तिठ्यावर. पलीकडं महाराष्ट्रातले चंदगड आणि दोडामार्ग, खाली गोव्यातली सत्तरी. दांडेलीकडचे हत्ती इथून चंदगडात, दोडामार्गात उतरले त्याला वीस वर्षं होऊन गेली. त्यांची एक वाट काढायची तर तीन राज्यांत तीन अर्ज, तीन नमुने, तीन भाषांतले रकाने. एकात तालुका आहे तर गाव नाही, एकात गाव आहे तर प्राण्याच्या जागी नुसतं 'वन्यप्राणी'.

हे सगळं माझ्या प्रबंधापुरतं असतं तर गप्प बसलो असतो. पण रस्ता रुंद करायचा, रेल्वेचा दुसरा रूळ टाकायचा, कणकुंबीत पाणी वळवायचं, असं काही निघालं की अहवाल बनतो. नोंदी उपलब्ध नाहीत, एवढं त्यात लिहिलं की पुढं त्याचा अर्थ प्राणी नाहीत असाच घेतला जातो. कॅसलरॉक ते कुळे रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं रद्द केली, म्हणून तिथं थांबलं. प्रत्येक फाईल कोर्टात नेणार कोण? भात तुडवलं म्हणून ज्या शेतकऱ्यानं पंचनाम्यावर सही केली, त्याच्याच रानाबद्दल दुसऱ्या टेबलावर कुणीतरी 'माहिती नाही' लिहून मोकळं होतं.

गाव, महिना, प्राणी. तीन रकाने, साध्या एक्सेलमध्ये, दरवर्षी, तिन्ही राज्यांचे एकाच नमुन्यात. आणि ते मला आत्ता पाहिजेत. झाडं पडून रस्ता झाल्यावर द्यायचे असतील तर राहू देत तिथंच कपाटात!