उताराला लागलेला माणूस

यवतेश्वरच्या घाटात धावत चढताना छाती फुटायची वेळ येते, हे कोणीही सातारकर आपणहून सांगतो. परत खाली येताना काय होते, याबद्दल मात्र चकार शब्द काढत नाही. रविवारी पहाटे मी वर पोहोचलो, गुडघ्यांवर हात टेकून पाच मिनिटे धापा टाकल्या आणि ‘गंगेत घोडे न्हाले’ असे म्हणून शहराकडे तोंड केले. घोडे पेंड खाणार होते ते तिथून पुढे.

उताराचे कपट असे की धाप लागत नाही, म्हणून माणूस ढांगा लांबवतो. ढांग लांबली की टाच शरीराच्या बरीच पुढे आपटते आणि दर पावलाला मांडीच्या पुढच्या स्नायूंना ब्रेक लावावा लागतो. एरवी आखडून काम करणाऱ्या या स्नायूंना उतारावर ताणले जात असतानाच भार पेलावा लागतो आणि त्यात त्यांचे तंतू सूक्ष्म प्रमाणात फाटतात. एसटीचा चालक घाट उतरताना खालचा गिअर टाकतो, तो उगाच नव्हे. मी न्यूट्रलवर सुटलो होतो. दुसऱ्याच वळणावर बारीक खडीवरून घोटा मुरगळता मुरगळता वाचला, आणि लेस सैल असल्यामुळे पुढे सरकलेला अंगठा बुटाच्या टोकावर पायथ्यापर्यंत टकरा देत राहिला. तरीही वेळ इतकी झकास लागली की घरी ती मी कोणी न विचारता तीनदा सांगितली.

हे दुखणे त्याच दिवशी येत नाही. सोमवारी ते नुसते डोकावून गेले आणि मंगळवारी सामानसुमानासह मुक्कामाला आले. अंगठ्याचे नख पिकल्या जांभळासारखे झाले होते. ‘छोटी, भराभर पावले टाकायची आणि अधूनमधून थोडा थोडा उतार पळायचा, म्हणजे पुढच्या वेळी मांड्या एवढ्या बोंबलत नाहीत,’ हा सल्ला बरोबरच्या मित्राने फोनवर दिला. रविवारी तो माझ्या मागेच होता.

ऑफिसला जाण्यासाठी मी कठडा धरून, उलट्या तोंडाने जिना उतरत होतो. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी हे पाहिले.

“अरे, पडलास की काय?”

“नाही काकू, पळालो.”

“आणि चढताना?”

“चढताना काही होत नाही.”

“मग ये वर, चहा टाकलाय.”

खरोखरच काही झाले नाही. चहा उत्तम होता. दुसरा कपही मी सावकाश घेतला, कारण आता एक मजला जास्त उतरायचा होता.