वीस चहा जास्त ठेवा

उद्या रस्ता कुठवर बंद असणार, हे आम्हाला सात महिने चहाच्या दुधावरून कळायचं.

गंमत नाही करत. आमच्या बाजारपेठेचा रस्ता काँक्रीटचा करायला घेतला आणि त्या कामाचा मुकादम रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या टपरीवर येऊन मामांना सांगायचा, "मामा, उद्या वीस चहा जास्त ठेवा." वीस जास्त म्हणजे काँक्रीट पडणार, गाड्या येणार, आमच्या टोकापासून मारुतीच्या देवळापर्यंत सगळं बंद. "उद्या नेहमीचेच" म्हणजे नुसती खोदाई. "उद्या नको" म्हणजे सिमेंट आलेलं नाही किंवा बिल अडकलंय. मामा दूध किती घेतात ते बघून सोनारकाका दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचं का नाही ते ठरवायचे. साडेसहाशे मीटरच्या रस्त्याचं, कोट्यवधी रुपयांच्या कामाचं माहिती केंद्र म्हणजे एक ॲल्युमिनियमचं पातेलं.

माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. वडिलांपासूनचं. काम संपून आता बरेच महिने झाले, रस्ता चांगला झालाय, ते आधीच सांगून टाकतो. नाहीतर खाली पहिली कॉमेंट "तुम्हाला विकास नको का?" अशी येणार हे मला माहीत आहे. विकास हवा आहे. धूळही खाल्ली, गिऱ्हाईक गेलं तेही सोसलं. माझी तक्रार एवढीच आहे की जी माहिती टपरीवर फुकट मिळत होती, ती आम्हाला सांगणं हे कुणाचंच काम नव्हतं.

सुरुवातीपासून सांगतो. ऑक्टोबर २०२४. विधानसभेची आचारसंहिता लागायच्या आधी नारळ फोडायची घाई. भूमिपूजन झालं, बॅनर लागला. बॅनरवर अकरा फोटो मोजले मी. त्या अकरा जणांपैकी एकाचाही फोन नंबर नाही, काम कधी सुरू, कधी संपणार, ठेकेदार कोण, काही नाही. "विशेष प्रयत्नांतून" हे शब्द मात्र हातभर उंचीचे. मग महिनाभर शांतता. निकाल लागले, तुळशीची लग्नं उरकली आणि एका मंगळवारी सकाळी सात वाजता जेसीबी आला. शेजारच्या साडीवाल्यांच्या दारात. लग्नसराईच्या तोंडावर. त्यांनी विचारलं, तर ड्रायव्हर म्हणाला, "मला पत्ता दिलाय, मी खोदतोय."

विचारायचं कुणाला? हा प्रश्न आमच्यापुरता नव्हता, म्हणून जरा थांबतो इथं. राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांत तेव्हा प्रशासक होते. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तिथं नगरसेवकच नव्हते. आमच्यासारख्या गावांतही तेच. निवडणुका अडकल्या त्या अडकल्याच. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये बजावल्यावर गाडं हललं आणि नगरपालिकांचं मतदान डिसेंबर २०२५ मध्ये झालं. म्हणजे राज्यभर गावोगावचे रस्ते उकरले जात होते, त्याच वर्षांत वॉर्डात विचारायला माणूस नव्हता. नगरसेवक कसाही असो, कामाचा असो नसो, सकाळी दूध आणायला बाहेर पडला की त्याला गाठून "अहो, हे काय चाललंय?" म्हणता येतं. तो खोटं का होईना, उत्तर देतो. प्रशासकाला दूध आणताना कुणी पाहिलंय?

मग काय, जिथं कुणी काही सांगत नाही तिथं व्हॉट्सॲप सांगतं. जानेवारीत एका सकाळी आमच्या पायऱ्यांवर चुन्याच्या खुणा दिसल्या. दुपारपर्यंत ग्रुपवर नक्की झालं की रुंदीकरण आहे, दोन्ही बाजूंनी सहा-सहा फूट जाणार. संध्याकाळी बाजारपेठ बंद. दोघातिघांनी वकील गाठला, नोटिशीचा मसुदा तयार, फी देऊन मोकळे. सोनारकाकांचं ब्लडप्रेशर वाढलं ते वेगळंच. चौथ्या दिवशी मुकादम टपरीवर हसत हसत म्हणाला, "अहो, ते गटाराच्या लेव्हलचं मार्किंग आहे." एक ओळ. ती ओळ खुणा करतानाच कुणी बोललं असतं तर एक दिवसाचा धंदा, वकिलाचे पैसे आणि काकांच्या गोळ्या वाचल्या असत्या.

आता माझा हिशेब. आमचा सीझन म्हणजे जून. वह्यांची ऑर्डर मार्चमध्ये द्यावी लागते. तोंडी सगळेच म्हणत होते, "एप्रिलपर्यंत होतंय." मी नेहमीची ऑर्डर दिली. मला मार्चमध्ये कुणी सरळ सांगितलं असतं की जून धरू नका, तर मी निम्मा माल घेतला असता आणि शाळेजवळ महिन्याभरासाठी गाळा भाड्याने घेतला असता. काम लांबलं म्हणून माझं नुकसान झालं हे खरं, पण निम्मं नुकसान ते लांबणार हे न सांगितल्यामुळे झालं.

आणि ते लांबलंच. मे २०२५ आठवतोय ना? मुंबईत मान्सून २६ मेलाच पोचला, इतक्या लवकर आल्याची नोंद नव्हती. तिथं महापालिकेने काँक्रीटच्या रस्त्यांसाठी ३१ मेची मुदत ठेवली होती आणि पाऊस मुदतीच्या पाच दिवस आधीच दारात. आमच्याकडेही मे महिनाभर कोसळत होता. खोदलेल्या भागात गुडघाभर पाणी, त्यात मुरूम कालवलेला. यात कुणाचा दोष नाही, पाऊस कुणाला विचारून येत नाही. पण तेव्हाही एखाद्या माणसाने येऊन "पावसामुळे पंधरा दिवस पुढे गेलं" एवढं म्हणायला काय हरकत होती?

सगळ्यात जास्त त्रास आमच्या गल्लीतल्या एका वहिनींना झाला. त्यांच्या सासूबाईंचं डायलिसिस असायचं, मंगळवार आणि शुक्रवार. रिक्षा आत येईना. दोघं जण प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून म्हातारीला कोपऱ्यापर्यंत आणायचे. त्या मला म्हणाल्या होत्या, "भावजी, रोज बंद असेल तर रोजची सोय करीन हो. पण कधी उघडा, कधी बंद. माणसं कधी बोलवायची आणि कधी नाही, तेच समजत नाही."

हे सगळं सुधारलं ते कुणा अधिकाऱ्यामुळे नाही. आमच्या गणेश मंडळाचा एक काळा फळा आहे, वर्षभर त्यावर गेल्या वर्षीच्या महाप्रसादाची वेळ असते. गल्लीत एक निवृत्त चित्रकला शिक्षक राहतात. फेब्रुवारीत एके दिवशी त्यांनी तो फळा पुसला, टपरीशेजारी टांगला आणि रोज संध्याकाळी मुकादमाला गाठून तीन ओळी लिहायला लागले. आज काय झालं. उद्या कुठून कुठवर बंद. पाणी किती वाजता. अक्षर असं की लोक नुसतं बघायलाही थांबायचे. एकदा लिहिलं होतं, "उद्याचे मुकादमासही ठाऊक नाही." त्या दिवशी फळ्याचे सगळ्यात जास्त फोटो निघाले. खरं सांगतो, सात महिन्यांत सरकारी, निमसरकारी, खाजगी कुठूनही आलेलं सगळ्यात प्रामाणिक निवेदन तेच होतं.

गिऱ्हाईक काही लगेच परतलं नाही. पण भांडणं थांबली. आणि एक गोष्ट झाली जी मला आधी सुचलीच नव्हती. काँक्रीट वरून एक-दोन दिवसांत वाळलेलं दिसतं. मातीचे वाफे करून त्यावर पाणी साठवून ठेवतात ते आम्ही बघत होतो, पण का ते माहीत नव्हतं. ते पाणी काँक्रीटची ताकद भरावी म्हणून असतं, आणि ती ताकद मोजतात अठ्ठावीस दिवसांनी. आठवड्यात साधारण दोन तृतीयांश येते, बाकीची हळूहळू. सुरुवातीच्या पट्ट्यावर आमच्याच लोकांनी वाफे तुडवून तिसऱ्या दिवशी मोटारसायकली घातल्या, एकाने तर टेम्पो उभा केला. मुकादम ओरडायचा, लोक त्याला उलट बोलायचे. सरांनी फळ्यावर हे अठ्ठावीस दिवसांचं गणित लिहिलं, खाली एका बाळाचं चित्र काढलं आणि लिहिलं, "अजून रांगतंय." त्यानंतर साडीवाल्यांचा नोकरच हातात काठी घेऊन गाड्या अडवायला उभा. म्हणजे लोकांना सांगणं हे उपकार म्हणून नाही, रस्ता टिकावा म्हणूनही करायचं असतं. आमच्या रस्त्यावर आज जिथं पापुद्रे निघालेत, तो फळ्याच्या आधीचा तुकडा आहे. बाकी कारणंही असतील, मी काही इंजिनिअर नाही.

उलटीकडून आमच्याकडे जे होतं तेही कुणी मागितलं नाही. पाणी सोडणारे जुने काका गल्लीतच राहतात, चाळीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवलेले. कुठल्या घरासमोर किती खोलीवर कुठली लाइन आहे ते डोळे मिटून सांगतील. नकाशात ती लाइन नव्हती. जेसीबीने ती दोनदा फोडली, दोन्ही वेळा काका ओट्यावर बसून बघत होते. मी विचारलं, "सांगितलं का नाही?" तर म्हणाले, "इचारलं कुनी?"

फळ्याला महिना झाला आणि कार्यालयातून एक साहेब आले. "ही माहिती लिहायला परवानगी कुणी दिली? अधिकृत माहिती कार्यालयातूनच जाईल." दोन दिवस फळा कोरा. अधिकृत माहिती काही आली नाही. तिसऱ्या दिवशी सरांनी वर "अनधिकृत" असं ठळक लिहून खाली नेहमीच्या तीन ओळी लिहिल्या.

मी माहितीचा अधिकारही वापरून पाहिला. दहा रुपयांचा स्टॅम्प लावून अर्ज. काम कधी पूर्ण होणार? एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं, "कार्यादेशातील अटी व शर्तीनुसार." तीस दिवसांच्या आत, नियमात बसून. गंमत अशी की २००५ च्या त्याच कायद्याचं चौथं कलम म्हणतं की लोकांवर परिणाम करणाऱ्या निर्णयांची माहिती प्रशासनाने स्वतःहून जाहीर करायची, कुणी अर्ज करायची वाट बघायची नाही. वीस वर्षं झाली त्याला. आपण अजून स्टॅम्प चिकटवतोय.

एका तरुण इंजिनिअरशी मात्र नंतर नीट बोलणं झालं, आणि त्याचं मला पटलंही थोडं. त्याच्याकडे एकाच वेळी आठ कामं. म्हणाला, "काका, तारीख सांगितली की ती हुकते. हुकली की लोक कॉलर धरतात, पेपरात येतं, वरून मेमो येतो. गप्प बसलो तर कुणीच धरत नाही." त्याच्या जागी मी असतो तर मीही गप्पच बसलो असतो. म्हणूनच हे इंजिनिअरच्या स्वभावावर सोडून चालणार नाही. ते निविदेतच लिहायला पाहिजे. खडी किती, सळई किती, त्याच यादीत एक ओळ: रोज संध्याकाळी फळा लिहिणारा माणूस, एक. त्याचा पगार कामाच्या रकमेत. फळा लिहिला नाही तर बिलातून कापा. ठेकेदार बिलाची भाषा फार लवकर शिकतात.

कुणी म्हणेल, ऑनलाइन असतं सगळं. मुंबईत रस्त्यांच्या कामांची माहिती संकेतस्थळावर टाकली, आयआयटी मुंबईला दर्जा तपासायला नेमलं, चांगलंच आहे. पण आमच्या दारातली भाजीवाली मावशी संकेतस्थळावर जाणार नाही. तिला फक्त उद्या पाटी कुठं मांडायची ते हवंय. तिकडं पणजीत स्मार्ट सिटीच्या खोदकामाची धूळ इतकी झाली की लोक उच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २०२४ मध्ये न्यायमूर्ती स्वतः रस्त्यावर पाहणीला उतरले. नाशकात त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ या १.१ किलोमीटरच्या स्मार्ट रोडने लोकांना मुदतवाढीवर मुदतवाढ दाखवली. तिथं आता २०२७ च्या सिंहस्थाची कामं आहेत, मावसभाऊ रोज नवीन वळणाचा फोटो पाठवतो. त्याला मी फळ्याची कल्पना दिली. त्याचं उत्तर, "आमच्या मंडळाचा फळा गेला चोरीला."

आता आमच्याकडे नगरसेवक आलेत, निवडून आलेल्यांचे बॅनरही लागले (सोळा फोटो). त्यांच्यापैकी जे ही पोस्ट वाचतील त्यांना विनंती, पुढच्या कामाच्या बॅनरवर एक फोटो कमी करा आणि त्या जागी मुकादमाचा नंबर छापा.

हे आजच लिहायचं कारण असं. गेल्या आठवड्यात आमच्या नव्याकोऱ्या काँक्रीटवर पिवळ्या रंगाचे बाण उमटलेत, दर वीसेक पावलांवर एक, शेजारी काहीतरी आकडे. गॅसची लाइन आहे, केबल आहे का आणखी काय, कुणालाच माहीत नाही. ग्रुपवर तीन मतं झाली आहेत. सरांनी काल माझ्याकडून खडूचा डबा नेला, मी पैसे घेतले नाहीत. आणि आज संध्याकाळी एक अनोळखी माणूस टपरीवर येऊन मामांना विचारून गेला, सकाळी साडेसहाला पंधरा चहा मिळतील का.