तो पर्यावरण पुरस्कार आधी परत करा

परवा वाशीच्या एका मोठ्या हॉटेलात एका तेल कंपनीला पर्यावरण पुरस्कार देण्यात आला. तेल कंपनीला. पर्यावरणाचा. मानपत्रात तीन कामांचं कौतुक आहे: सांडपाण्याचा पुनर्वापर, खाडीकाठी कांदळवनाची लागवड आणि 'कार्बन तीव्रतेत घट'. आत सगळे उभं राहून टाळ्या वाजवत होते आणि त्याच वेळी फाटकाबाहेर काळ्या फिती लावून उभ्या असलेल्या कोळणींना सुरक्षारक्षक रस्त्याच्या पलीकडे ढकलत होते. ज्यांच्या जाळ्यांना तवंग लागतो त्या बाहेर, आणि ज्यांचा धंदाच तेलाचा ते व्यासपीठावर! संताप येणार नाही तर काय होणार?

त्या कार्बन तीव्रतेचं आधी बघू. एक टन कच्चं तेल शुद्ध करताना किती कार्बन हवेत गेला, एवढंच हा आकडा सांगतो. टनामागे पाच टक्के कमी केला आणि तेल दहा टक्के जास्त शुद्ध केलं, तर एकूण कार्बन साडेचार टक्क्यांनी वाढतो. अर्जातला आलेख मात्र खाली जाताना दिसतो आणि परीक्षक मान डोलावतात. शिवाय हा हिशेब कारखान्याच्या कुंपणापाशीच थांबतो. तेल कंपनीच्या एकूण उत्सर्जनापैकी ८० ते ९० टक्के भाग तिने विकलेलं इंधन जळताना बाहेर पडतो. त्याला स्कोप ३ म्हणतात आणि पुरस्काराच्या अर्जात नेमका तोच गाळलेला असतो. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. १२ हजार लिटरचा एक टँकर रिकामा झाला की ३२ टन. चांगलं वाढलेलं झाड वर्षाला ढोबळमानाने वीसेक किलो शोषतं, म्हणजे एका टँकरसाठी सोळाशे मोठी झाडं अख्खं वर्ष लागतील. असे टँकर ठाणे-बेलापूर रस्त्यावर आणि शिळफाट्याला रांगेने उभे असतात. हातभट्टीवाल्याने भट्टीखाली लाकूड कमी जाळलं म्हणून त्याला व्यसनमुक्तीचा पुरस्कार द्यायचा, त्यातला हा प्रकार आहे.

पण खरी चीड आहे ती कांदळवनाच्या लागवडीची. कोरे गमबूट, कंपनीचे टीशर्ट, हातात एकेक रोप आणि मागे ड्रोन. हजारो रोपं लावल्याचा दावा. लावली कुठे? उघड्या चिखलात! ठाण्याच्या खाडीत इतका गाळ साचतोय की तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं, स्वतःहूनच पुढे सरकत आहेत. पावसाळ्यात बिया पडतात, भरतीबरोबर वाहत जातात आणि जागा मिळेल तिथे रुजतात. त्यांना कुणाच्या टीशर्टची गरज नाही. झाडं मरतात ती भराव टाकून, बांध घालून किंवा मोऱ्या बुजवून भरतीचं पाणी तोडलं जातं तिथे. तिथे काम करायचं तर आधी मोरी साफ करायची, बांध फोडायचा, जमिनीची पातळी तपासायची आणि भरती-ओहोटीचं पाणी पुन्हा आत-बाहेर खेळू द्यायचं. पाणी आलं की पुष्कळदा लागवडच करावी लागत नाही. पण तुंबलेल्या मोरीजवळ फोटो चांगला येत नाही, म्हणून मोकळ्या चिखलात रोपं खोचायची. आणि तो चिखल मोकळा पडलेला नाही. ओहोटीला फ्लेमिंगो तिथेच चरतात, निवट्या (चिखलात राहणारे मासे) तिथेच असतात. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ मध्ये खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, म्हणजे रामसरचा दर्जा मिळाला, तो याच चिखलामुळे आणि पाखरांमुळे. त्यांचं ताट काढून घेऊन तिथे रोपं लावायची आणि वर पर्यावरणाचं बक्षीस घ्यायचं!

शिवाय लावलेली रोपं मोजतात, जगलेली कोणी मोजत नाही. भरतीबरोबर येणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या कोवळ्या रोपांना गुंडाळतात आणि आडवं पाडतात. काहींच्या खोडांवर काकई, म्हणजे चिकटून वाढणारे कवचाचे जीव, चढते. पातळी चुकली असेल तर रोप दिवसाचे निम्मे तास पाण्याखाली राहून कुजतं. तीन वर्षांनी जाऊन जिवंत रोपं मोजा, मग द्या काय द्यायचं ते.

आणि तेल या झाडांचं काय करतं ते या खाडीने बघितलेलं आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं धडकली आणि सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेलं. घारापुरीपासून उरण-अलिबागपर्यंत किनारे काळे झाले. तिवराची श्वासमुळं चिखलातून वर आलेली असतात, त्यांवरच्या बारीक छिद्रांतून झाड हवा घेतं. तेलाचा थर बसला की ती छिद्रं बुजतात, मुळं गुदमरतात आणि पानं गळायला लागतात. तेल खेकड्यांच्या बिळांतून खाली उतरतं. तिथल्या चिखलात ऑक्सिजन नसतो, त्यामुळे तेल खाणारे जीवाणू काम करत नाहीत आणि तेल वर्षानुवर्षं तसंच राहतं. साफ करायला माणसं उतरवली तर पावलांखाली तेल आणखी खोल रुततं आणि मुळं मोडतात ती वेगळीच. तवंग फोडणारी रसायनं उथळ खाडीत मारता येत नाहीत, कारण मग तेच तेल पाण्यात मिसळून कोळंबीच्या आणि माशांच्या पिल्लांपर्यंत पोचतं. म्हणून एकदा तेल तिवरांत शिरलं की उपाय जवळजवळ संपतात. सगळा भर गळती होऊच न देण्यावर हवा: तेलवाहिनीची आतून तपासणी, झडपा, टाक्यांभोवतीच्या बांधातल्या पाण्याची वाट. २०२३ च्या सप्टेंबरात उरणच्या पीरवाडी किनाऱ्यावर कच्चं तेल पसरलं, तेव्हा लागवडीचे टीशर्ट घातलेलं कोण चिखलात उतरलं होतं?

सांडपाण्याचं थोडक्यात सांगतो. रिफायनरीतून बाहेर जाणाऱ्या पाण्यात तेल आणि ग्रीस लिटरला ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असा नियम आहे. पुनर्वापर केला की चांगलं पाणी कारखाना थंड ठेवणाऱ्या कूलिंग टॉवरकडे जातं आणि सगळे क्षार, सगळी घाण उरलेल्या थोड्या पाण्यात दाटते. त्या दाट पाण्याचं काय केलं, हा खरा प्रश्न. ते आटवायला वाफ लागते, वाफेला पैसे लागतात, म्हणून ते यंत्र रोज किती तास चालतं याची नोंद बघितली पाहिजे. पहिल्या मोठ्या पावसात टाक्यांच्या आवारातून नाल्यात काय वाहतं, तेही बघायचं. मानपत्रात यातलं एक अक्षर नाही.

आणि हवा! कोपरखैरणे, घणसोली, वाशीत रात्री अकरानंतर खिडक्या का लावाव्या लागतात? एमआयडीसी पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी, म्हणजे वस्तीच्या पूर्वेला. रात्री वारा जमिनीकडून खाडीकडे वाहतो आणि थंडीत वरची गरम हवा झाकण घातल्यासारखी बसते, त्यामुळे वास जमिनीलगत सरकत थेट घरात येतो. तक्रार केली की माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला येणार, वारा उलटा फिरलेला असताना. मग अहवाल: वास आढळला नाही. चौकातल्या फलकावर धुळीचा आकडा असतो, पण रात्री गुदमरवतो तो वास धुळीचा नसतो! केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली नवी मुंबईला प्रदूषणाचे ७३.७७ गुण देऊन अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत बसवलं होतं. २०१७ मध्ये तळोज्यात कारखान्याच्या रंगाने कुत्री निळी झाली. खाडीपलीकडे माहुल-आंबापाड्याच्या लोकांनी वर्षानुवर्षं लढा दिला, तेव्हा ऑगस्ट २०२० मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटींची भरपाई द्यायला सांगितली. त्यांत दोन तेल कंपन्या होत्या. लवादाचा आदेश, कारणे दाखवा नोटीस, जप्त झालेली बँक हमी (अटी पाळू म्हणून मंडळाकडे ठेवलेली पैशांची हमी) यांसाठी पुरस्काराच्या अर्जात रकाना का नसतो?

कारण अर्ज कंपनीच भरते. बहुतेक ठिकाणी प्रवेश शुल्क कंपनीचं, सादरीकरण कंपनीचं आणि समारंभाच्या टेबलांचे पैसेही अर्जदार कंपन्यांचेच. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले गुच्छ, अ‍ॅक्रिलिकची ट्रॉफी, पाण्याच्या छोट्या बाटल्यांचे खोके आणि दुसऱ्या दिवशी पामबीच रस्त्यावर अभिनंदनाचे फ्लेक्स. याला पर्यावरण म्हणतात?

असे पुरस्कार थांबवता येतात. जून २००९ मध्ये हिमाचलातल्या पालमपूरला वेदांत या खाण-धातू कंपनीला जाहीर झालेला पर्यावरण पुरस्कार लोकांच्या विरोधामुळे मागे घ्यावा लागला. अमेरिकेत २० एप्रिल २०१० ला डीपवॉटर होरायझन या समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटाचा स्फोट होऊन ११ कामगार मेले, तेव्हा ती विहीर खणवणारी बीपी ही तेल कंपनी त्याच वर्षीच्या सरकारी सुरक्षा पुरस्काराच्या अंतिम यादीत होती. समारंभ पुढे ढकलावा लागला. तिथे माणसं मरावी लागली.

म्हणून आता कागद मागायचे. मंडळाची संमती लागणाऱ्या कारखान्याला दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत फॉर्म ५ मध्ये पर्यावरण विवरणपत्र महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यावं लागतं. माहितीच्या अधिकारात ते मागा. शुल्क १० रुपये. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, म्हणून वेगवेगळे अर्ज करा: एक फॉर्म ५ साठी, एक कारखाना चालवायच्या चालू संमतीपत्रासाठी आणि त्यातल्या अटींसाठी, एक तीन वर्षांतल्या नोटिसा आणि जप्त बँक हमींसाठी, एक चिमणी आणि सांडपाण्यावरच्या ऑनलाइन मोजणीच्या मूळ आकड्यांसाठी. 'सरासरी' मागू नका. दर १५ मिनिटांचे आकडे मागा आणि मोजणी बंद असलेले तासही मागा, कारण सगळं त्या तासांत होतं. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं तर पहिलं अपील करा.

जे हातात येईल ते पुरस्कार देणाऱ्या संस्थेला आणि प्रत्येक परीक्षकाला वेगवेगळं पाठवा. त्या परीक्षकांनी कागद वाचून लेखी सांगावं की यातलं काय पाहून त्यांनी सही केली. सांगता येत नसेल तर ट्रॉफी परत मागवा आणि पुढच्या समारंभाला त्या कोळणींना फाटकाच्या आत, परीक्षकांच्या टेबलावर बसवा.