दूध काय शिकतंय व्हय?

कालपासून मी 80 टक्के माणूस आहे. तसं कागदावर लिहिलंय, निळ्या पेनानं, माझ्या नावापुढच्या चौकटीत. चौकटीच्या डोक्यावर ‘रेटिंग’ असा शब्द आहे, आणि 100 म्हणजे म्हणे कामाची सवय असलेला, मन लावून काम करणारा माणूस. मी कुपवाड एमआयडीसीत 22 वर्षं पंप जोडतोय. अजून 20 टक्के सवय कधी व्हायची, रिटायर झाल्यावर?

लिहिणारं पोरगं 23 वर्षांचं. कुठल्या कामाला किती वेळ लागतो ते मोजून टार्गेट ठरवायच्या ट्रेनिंगला आलंय. हातात पॅड, पॅडच्या वरच्या कोपऱ्यात अडकवलेलं घड्याळ. मला काका म्हणतं, तेही इतक्या गोड आवाजात की पटकन शिवीही देता येत नाही. माझ्या पाठीमागं चार हातांवर उभं राहून म्हणालं, “काका, तुम्ही रोजच्यासारखं करा. मी इथं नाहीच असं समजा.”

कसं समजणार? मागं कुणी घड्याळ लावून उभं राहिलं तर माणसाला लघवीसुद्धा रोजच्यासारखी होत नाही. इथं तर शाफ्टवर चावी बसवायची, इम्पेलर सरकवायचा, सील, गॅस्केट, केसिंग, आणि मग सहा बोल्ट. जुन्या मॉडेलला चार होते. हे मॉडेल येऊन काल तिसरा दिवस, आणि सहावा बोल्ट कुण्या शहाण्यानं डिस्चार्जच्या तोंडाच्या बरोबर मागं दिलाय. तिथं बोल्ट आवळायची गन जात नाही. पाना घेऊन, मान वाकडी करून, डोळे मिटून घट्ट करावा लागतो. डोळे उघडे ठेवूनही तो दिसत नाही, म्हणून मिटलेले बरे.

मध्येच मी हळूच त्याच्या घड्याळात डोकावलो. गॅस्केटपाशी आकडा होता 62. पोटात गोळा आला. गॅस्केट बसवायला बासष्ट सेकंद? एवढे हात गेले माझे? नंतर कळलं की त्या तबकडीवर मिनिटाचे 60 नव्हे, 100 भाग असतात. बासष्ट म्हणजे सदतीस सेकंद. हिशेबाला सोपं पडतं म्हणे. कुणाच्या, ते विचारायचं राहिलं.

एका पंपाची सरासरी निघाली 10 मिनिटं. इथपर्यंत माझी तक्रार नव्हती. पण हे लोक घड्याळातली वेळ तशीच घेत नाहीत, तिला रेटिंगनं गुणतात. 10 गुणिले 0.80, झाले 8. म्हणजे मला मंद ठरवलं की वेळ कमी मिळणार. 120 दिले असते तर 12 मिनिटं मिळाली असती. अपमान करायचा आणि त्याच अपमानाच्या जोरावर काम वाढवायचं, अशी सोय मी आजवर फक्त सासरी पाहिली होती. त्या 8 मिनिटांवर 11 टक्के जादा वेळेची सूट, झाले 8.88. जेवण सोडून शिफ्टची 480 मिनिटं. टार्गेट 54 पंप. मी घड्याळात दिसलो त्या वेगानं न मुतता, न थुंकता, न खाजवता काम केलं तर 48 होतात.

आता खरं सांगायचं तर मी थोडा हळू चाललो होतो. घड्याळ दिसलं की कोण पळतं? कारखान्यात पहिल्या वर्षी कुणी काही शिकवत नाही, पण हे मात्र शिकवतात. पोराच्या ते लक्षात आलं आणि त्यानं 80 टाकले. म्हणजे पोरगं बरोबर होतं. राग त्याचाच जास्त आहे.

पण हे 80 तो आणतो कुठून? नजरेनं. नजर तयार करायला त्यांची मापं ठरलेली आहेत : सपाट रस्त्यावर ओझं न घेता तासाला 4 मैल चालणारा माणूस म्हणजे 100. नाहीतर 52 पत्ते 22.5 सेकंदांत वाटणारा. हे ऐकून मला आमचा पेंटशॉपचा गडी आठवला. जेवणाच्या सुट्टीत लिंबाखाली डाव मांडतो तेव्हा त्याचं वाटप डोळ्याला दिसत नाही. आणि तोच माणूस रंगाचा डबा स्टोअरमधून आणायला पाऊण तास घेतो. त्याला मोजायचं असेल तर कुठं उभं राहून मोजायचं, ते आधी ठरवावं लागेल.

हे सगळं चाललं असताना चहावाले मामा आले. एका हातात किटली, दुसऱ्या हातात ग्लासांची जाळी. आमच्या शेडमध्ये मामांना गेटपास लागत नाही, उधारीची वही हाच पास. त्यांनी पोराला ग्लास दिला, पॅडवर मान घातली आणि थेट विचारलं,

“सायेब, ह्यात माझा च्या कुठं हाय?”

पोरगं खूश झालं. दिवसभरात पहिल्यांदा कुणीतरी रस घेत होतं. “मामा, ही 11 टक्के सूट आहे ना, त्यात. वैयक्तिक गरजा 5, थकवा 4, उभं राहून काम म्हणून 2.”

“वैयक्तिक म्हंजे?”

“म्हणजे... बाथरूमला जाणं, पाणी पिणं, हात धुणं.”

“आन च्या?”

“चहाही त्यातच.”

मामांनी किटली खाली ठेवली. बावीस वर्षांत मी त्यांना किटली खाली ठेवताना पाहिलं नव्हतं. “च्या नि मुतारी एकाच खात्यात?”

“तसं नाही मामा, ते सगळं मिळून...”

“न्हाई न्हाई, बराबर हाय. हितनं आत घालायचं, तितनं भाईर. खातं जुळलं की तुमचं.” मग बोटं मोजत, “पाच टक्के म्हंजे दिसाला किती?”

“साधारण एकवीस-बावीस मिनिटं.”

“ह्यांचा एक च्या म्हंजे सात मिन्टं. सकाळी एक, दुपारी एक, चौदा झाली. ऱ्हायली सात. शुगर हाय ह्यास्नी, सात मिन्टात कसं भागायचं?” माझी शुगर अख्ख्या शेडला अशी कळली. मामांना माझी काळजी नव्हती, दुसरा चहा कापला जाईल ही भीती होती, पण बाजू माझी होती म्हणून मी गप्प राहिलो.

पोरगं आता मला समजावायला लागलं. “काका, टार्गेट जमेल तुम्हाला. लर्निंग कर्व्ह असतो.” कागद उलटा करून त्यानं घसरगुंडी काढली. राइट नावाच्या अमेरिकन माणसानं विमानांच्या कारखान्यातले आकडे पाहून 1936 साली मांडलेलं. एकूण नग दुप्पट झाले की लागणारा वेळ 80 टक्क्यांवर येतो. पुन्हा दुप्पट, पुन्हा 80 टक्के. म्हणजे मी शिकणार हे त्याला माहीत होतं, शिकायच्या तिसऱ्या दिवशी तो मोजत होता हेही माहीत होतं, आणि शिकून जे वाचेल ते टार्गेटमध्ये आधीच घालून मोकळा झाला होता. हात बसल्यावर मोजावं असं त्यांच्याच पुस्तकात असतं म्हणे. मग आज का मोजलं? तर वरून सांगितलंय. 22 वर्षं मी जे जे शिकलो ते असंच कुणाच्या ना कुणाच्या कागदावर जमा झालं. पगाराच्या कागदावर मात्र कर्व्ह लागत नाही, तिथं सरळ रेघ.

मामा घसरगुंडीकडं बघत होते. “माझ्या च्याचं काढा की ह्यात.”

“पहिला चहा किती वेळात केला होतात?”

“धा मिन्टं. इस्टो पेटंना.”

“आणि आता रोज किती?”

“दोनशे. वरसाला तीनशे दीस धरा. पंचवीस वरसं झाली.”

पोरानं मोबाईल काढला. पंधरा लाख कप. (मामा पातेल्यानं करतात, कपानं नाही, हे त्यानं धरलंच नाही. मी बोललो नाही.) एकाचे दोन, दोनाचे चार करत वीस वेळा दुप्पट केलं की 10,48,576, म्हणजे तेवढं तर मागंच पडलं. उत्तर आलं 7 सेकंद.

“मामा, हिशेबानं तुमचा चहा 7 सेकंदांत व्हायला पाहिजे.”

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग अगदी शांतपणे, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाले, “सायेब, हात शिकतोय माझा. साखर न बघता पडती, आलं न बघता ठेचतोय. पन दूध काय शिकतंय व्हय? त्ये पंचवीस वरसांमागं जेवढ्यात उतू जायाचं तेवढ्यातच जातंय.”

पोरगं हसलं. मला मात्र हसू आलं नाही, कारण माझी नजर टेस्ट बेंचवर गेली होती. पंप जोडला की टाकीवर लावायचा, पाणी चढवायचं आणि 3 मिनिटं दाबाखाली ठेवायचा. त्या 3 मिनिटांत मी हात बांधून उभा असतो. ती 3 मिनिटं त्या 10 मध्येच होती, आणि यानं 10 च्या 10 ना 80 नं गुणलं होतं.

“सर,” मी म्हणालो, “पाण्याचं रेटिंग पण 80 आहे काय?”

ते काका-काका म्हणणारं पोरगं कानापर्यंत लाल झालं. मशीनच्या वेळेला रेटिंग लावत नाहीत, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पुन्हा गणित केलं. हाताची 7 गुणिले 0.80, 5.6. पाण्याची 3 तशीच. 8.6. सूट धरून साडेनऊच्या थोडं वर. 54 खोडून 50 लिहिलं. किटलीनं रोजचे चार पंप वाचवले.

रात्री झोप येईना म्हणून मोबाईलवर वाचत बसलो. 1911 साली अमेरिकेत वॉटरटाउन इथल्या सरकारी शस्त्रकारखान्यात असंच घड्याळ आणलं, तर मोल्डर लोक काम टाकून बाहेर पडले. फाउंड्रीवालेच, आपल्यातलेच. प्रकरण त्यांच्या संसदेपर्यंत गेलं आणि 1915 पासून 1949 पर्यंत सरकारी शस्त्रकारखान्यांत असं घड्याळ लावायला पैसे द्यायचे नाहीत, असा कायदाच होता. बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, “तुमच्यात कोण बाहेर पडलं?”

कुणी नाही. मी फक्त त्या चौकटीवर बोट ठेवून विचारलं होतं, “आणि हे 80?”

“काका, ते माझं जजमेंट आहे,” पोरगं म्हणालं, आणि पॅड काखेत मारून पेंटशॉपकडं गेलं.

मामांनी किटली उचलली, वही उघडली. “चार पंप वाचिवलं. मागचं 160 तेवढं देऊन टाका.”

मी 128 मोजून दिले. “80 टक्के माणूस आहे मामा. एवढेच निघणार.”

“बरं,” मामा म्हणाले.

आज सकाळी ग्लास दोन बोटं कमी भरलेला होता.